टेबल आज जड हाय

जुलैत संततधार लागली आणि पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावरून वाहू लागलं, की कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या स्नूकर पार्लरमध्ये एक वाक्य हमखास कानावर येतं. "सर, टेबल आज जड हाय." जड म्हणजे बॉल कापडावर मंद धावणार. बोलणारे आमचे मार्करमामा, पार्लरमधली टेबलं सांभाळणारे. कापडावर नुसता तळहात फिरवतात आणि सांगतात. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, आणि मामांचं हे निदान आजवर एकदाही चुकलेलं मी पाहिलं नाही.

तेच मामा जानेवारीत लंडनची मास्टर्स स्पर्धा बघायला आमच्याबरोबर बसतात. तिथला संध्याकाळी सातचा सामना म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेबारा. चहाचा थर्मास मध्ये ठेवून पाच-सहा जण मोबाइलभोवती गोळा होतो. पहिला स्क्रू शॉट बसला, म्हणजे काठीने मारलेला पांढरा बॉल दुसऱ्या बॉलला भिडून दोरीने ओढल्यासारखा मागे आला, की मामा म्हणतात, "टेबल बघा की कसं हलकं चाललंय!" ते खेळाडूआधी टेबलाला दाद देतात. मला ते अगदी बरोबर वाटतं.

मास्टर्स ही निमंत्रितांची स्पर्धा. जागतिक क्रमवारीतले पहिले १६ खेळाडू, बस्स. जिंकून क्रमवारीचा एकही गुण मिळत नाही, तरी खेळातल्या तीन सर्वांत मानाच्या स्पर्धांत ती मोडते. १९७५ साली ती सुरू झाली आणि २०१२ पासून उत्तर लंडनमधल्या टेकडीवरच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये भरते. रॉनी ओसुलिव्हनने ती आठ वेळा जिंकली आहे. पहिल्यांदा १९९५ मध्ये एकोणिसाव्या वर्षी, आठव्यांदा २०२४ मध्ये अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. पण मला या स्पर्धेतलं सगळ्यात आवडतं ते तिचं एकच टेबल. पहिल्या फेरीपासून अंतिम फेरीपर्यंत पंधराच्या पंधरा सामने त्याच कापडावर. खासबाग मैदानात लहान-मोठी सगळी कुस्ती एकाच हौद्यात होते, तसं. माती सगळ्यांना सारखी. आणि आपल्या तालमीतल्या वस्तादाला विचारा, मातीत ताक, तेल, हळद, लिंबू उगाच घालतात का ते. पैलवानाच्या पायाखाली काय आहे यावर अर्धा डाव ठरतो.

स्नूकरच्या टेबलात ही 'माती' दोन थरांची असते. खाली पाटीचा दगड, आपण लहानपणी ज्यावर अ-आ-इ गिरवलं तोच जातीचा दगड, पाच जाड फरश्या सांधून एका पातळीत बसवलेला. वर लोकरीचं ताणलेलं कापड. या कापडाला लव असते आणि ती एकाच दिशेने, पांढरा बॉल ठेवतात त्या बाजूकडून काळ्या बॉलकडे, निजवलेली असते. म्हणून मामा ब्रश आणि इस्त्री दोन्ही त्याच दिशेने चालवतात, कधीही उलट नाही. टेबलाच्या आडवा अगदी संथ सोडलेला बॉल शेवटच्या हातभर अंतरात लवेच्या ओढीने काळ्याच्या बाजूला सरकतो. नवख्याला वाटतं टेबल वाकडं आहे.

आता खरी गोष्ट लोकरीची. लोकरीचा तंतू म्हणजे केसच. तो हवेतली वाफ शोषतो. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश पाणी पोटात घेऊनही हाताला कोरडा लागू शकतो, इतका तो पाण्याचा लोभी. ओल घेतलेला तंतू फुगतो. बॉल घरंगळताना कापडात किंचित रुततो आणि पुढे त्याला कापडाचा इवलासा बांध सतत ओलांडावा लागतो. फुगलेल्या कापडात तो बांध मोठा होतो. पावसाळ्यात कॅरमची सोंगटी अडखळायला लागली की आपण बोरिक पावडर टाकतो. इथे तो उपाय नाही.

फरक किती पडत असेल? सोपा हिशोब आहे. घरंगळणारा बॉल किती लांब जाईल हे कापडाच्या विरोधाच्या व्यस्त प्रमाणात असतं. विरोध फक्त एक दशांशाने वाढला, तर कोरड्या कापडावर ३ मीटर गेला असता तो बॉल सुमारे २७ सेंटिमीटर अलीकडेच थांबेल. बॉलचा व्यास ५२.५ मिलिमीटर, म्हणजे पाच बॉल एकाला एक लावल्यावर होईल तेवढी चूक. समोरच्याला नेम मिळू नये म्हणून काळ्याच्या मागे नीट लपायला हवा होता तो पांढरा उघड्यावर पडतो, आणि फ्रेम (म्हणजे एक डाव) गेली.

स्क्रूचंही तेच. पांढऱ्याच्या तळाशी क्यू, म्हणजे खेळायची काठी, मारला की बॉल पुढे घसरत जातो, पण फिरत असतो उलटा. वाटेत कापडाचं घर्षण ही उलटी फिरकी खात राहतं. जी उरते ती लाल बॉलला थेट भिडल्यानंतर कामाला येते: पुढची गती बहुतेक सगळी लालला गेलेली, पांढरा क्षणभर जागच्या जागी फिरतो, मग कापड पकडून मागे येतो. गणित सांगतं, की मागे येताना त्याची स्थिर झालेली गती उरलेल्या फिरकीच्या परिघावरच्या वेगाच्या दोन सप्तमांश असते. जड टेबलावर फिरकी वाटेतच जास्त खर्च होते, आणि परतीचा प्रवासही लवकर संपतो. दोन्हीकडून मार. फ्रेंच शास्त्रज्ञ कोरिओलिस, ज्याचं नाव आपण चक्रीवादळाच्या धड्यात वाचतो, त्याने १८३५ साली बिलियर्ड्सच्या या घसरण्या-फिरण्याचं गणित मांडलं होतं. स्नूकर तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं. ते आलं १८७५ मध्ये, आपल्याच देशात, जबलपूरला, ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांमध्ये. पावसाळा जबलपूरलाही काही कमी नाही. त्या टेबलांवर काय चालत असेल, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

मोठ्या स्पर्धांमध्ये यावर साधा उपाय करतात. दगडाखाली विजेचे हीटर बसवलेले असतात. दगड सावकाश तापतो, वरचं कापड कोरडं राहतं, टेबलाच्या कडेच्या कुशनचं रबरही थंडीत आखडत नाही. लंडनच्या जानेवारीत सभागृहात शेकडो माणसं श्वास सोडत असताना टेबल तसंच्या तसं राहतं ते यामुळे.

आणि ते तसं राहायलाच हवं, कारण या खेळात चुकीला जागाच नाही. समजा, पांढरा आणि लाल यांच्यात १.८ मीटर अंतर आहे आणि लाल तिथून सरळ १.२ मीटरवरच्या कोपऱ्यातल्या पॉकेटमध्ये घालायचा आहे. पॉकेटचं तोंड साधारण साडेतीन इंच. म्हणजे लालला एका बाजूला फार तर १७-१८ मिलिमीटर इकडेतिकडे व्हायची मुभा. मागे हिशोब करत आलात, तर पांढरा लालवर नेमक्या जागेपासून पाऊण मिलिमीटरपेक्षा जास्त सरकून लागता कामा नये. दाढीच्या ब्लेडी सात-आठ एकावर एक ठेवा, साधारण तेवढं. १९७५ च्या पहिल्याच मास्टर्सच्या अंतिम लढतीत शेवटच्या फ्रेममध्ये दोघांचे गुण बरोबरीत आले, काळा बॉल पुन्हा जागेवर ठेवावा लागला, आणि त्या एका बॉलवर जॉन स्पेन्सरने रे रीअर्डनला ९-८ असं हरवलं. पांढरा ठेवायच्या रेषेपासून काळ्यापर्यंत अडीच मीटर. त्या अडीच मीटरच्या कापडावर किती ओल होती, यावर माझ्या मते त्या क्षणी सगळं अवलंबून होतं.

खडूचाही एक त्रास आहे. क्यूच्या टोकाचा खडू बॉलला चिकटतो आणि नेमका तोच ठिपका दुसऱ्या बॉलला भिडला, तर क्षणभर घर्षण वाढून बॉल उडी मारतात आणि वाट सोडतात. याला 'किक' म्हणतात. पंच पांढरे हातमोजे घालून बॉल पुन्हा पुन्हा पुसतो तो यासाठीही.

आमच्या पार्लरमध्ये हीटर नाही. मामा टेबलाखाली शंभरचे दोन बल्ब लावतात. गेल्या पावसाळ्यात मी त्यांना लाकडाची एक तिरकी पन्हळ करून दिली. वरून पांढरा सोडला की दर वेळी सारख्याच वेगाने टेबलावर उतरतो. तो जिथे थांबतो, त्याच्या समोर कुशनच्या लाकडावर मामा खडूची रेघ ओढतात. जानेवारीतली रेघ त्यांनी पुसू दिलेली नाही. परवा दुपारी बाहेर पाऊस कोसळत होता. मामांनी इस्त्री केली, पन्हळीतून बॉल सोडला आणि वाकून बघत राहिले. जुन्या रेघेच्या चार बोटं अलीकडे थांबला.

"बल्ब अजून तासभर ऱ्हाऊ द्या सर," ते म्हणाले, आणि क्यू परत स्टँडला लावले.