पितृत्व रजा आणि बालसंगोपन रजा: शहरातल्या बापाच्या वाट्याला नेमके काय येते?

दोन्ही रजा मुलासाठीच असल्यामुळे त्यांची गल्लत सहज होते. परंतु बहुतेक वडिलांना त्यांतली एकच मिळू शकते, आणि तीही लहान.

पितृत्व रजा ही बाळंतपणाशी बांधलेली आहे. दोनपेक्षा कमी हयात अपत्ये असलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्याला ती पूर्ण वेतनावर १५ दिवस मिळते. प्रसूतीच्या १५ दिवस आधीपासून प्रसूतीनंतरच्या सहा महिन्यांपर्यंत ती घेता येते, आणि या मुदतीत घेतली नाही तर ती बुडते.

बालसंगोपन रजा मूल १८ वर्षांचे होईपर्यंत, त्याच्या आजारपणासाठी किंवा शिक्षणासाठीही घेता येते. केंद्रीय सेवेत ती एकूण ७३० दिवसांची असून पहिल्या ३६५ दिवसांना पूर्ण आणि पुढच्या दिवसांना ८० टक्के वेतन मिळते. २००८ साली ती केवळ महिलांसाठी आली. २०१८च्या दुरुस्तीने अविवाहित, विधुर किंवा घटस्फोटित अशा एकल पुरुषालाही तिचा लाभ मिळाला. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये १८० दिवसांची अशीच रजा देताना पुरुषासाठी अट घातली, ती पत्नी नसण्याची किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असण्याची.

म्हणजे घरात धडधाकट आई असली, की नियमांच्या दृष्टीने बापाचे काम पंधरवड्यात संपते. आजी-आजोबा गावी, दोघांचीही नोकरी, रात्रभर बाळाचे जागरण आणि सकाळी पुन्हा लोकल, अशा घरात त्याचा थकवा आणि मुलापासूनचे तुटलेपण कोणत्याच रजेच्या हिशेबात येत नाही, हे मला फार खटकते. स्वीडनने १९७४ सालीच आई-वडील दोघांसाठी पालक रजा आणली, तरी वडील ती क्वचितच घेत. १९९५ मध्ये प्रत्येक पालकासाठी एक महिना दुसऱ्याला देता येणार नाही असा राखून ठेवल्यावर ती घेणाऱ्या वडिलांची संख्या ठळकपणे वाढली. पुरुषांना रजा नकोच असते, हा युक्तिवाद त्या अनुभवापुढे टिकत नाही.

खासगी नोकरीत तर हे १५ दिवसही मालकाच्या मर्जीवर असतात. १९६१च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली मातेची रजा २६ आठवड्यांची झाली, पण पित्याचा उल्लेख आला नाही. त्याच वर्षी हिंगोलीचे तत्कालीन खासदार राजीव सातव यांनी पितृत्व लाभाचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते. असंघटित क्षेत्रातील वडिलांनाही सामावून घेणारे ते विधेयक संमत झाले नाही.