वणव्याचा धूर आणि हवेची गुणवत्ता

जंगल, गवताळ रान किंवा दलदलीतील पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) पेटल्यावर हवेत मिसळणाऱ्या वायूंच्या व सूक्ष्म कणांच्या मिश्रणाला वणव्याचा धूर म्हणतात. त्यात कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे, बेंझिन आणि फॉर्माल्डिहाइड असते. परंतु आरोग्याला सर्वाधिक धोका २.५ मायक्रोमीटरपेक्षा लहान कणांचा (पीएम २.५) असतो, कारण ते थेट फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. या कणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये २४ तासांच्या सरासरीची मर्यादा दर घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम अशी सुचवली. दाट धुरात हेच प्रमाण काहीशे मायक्रोग्रॅमपर्यंत चढते.

भडकलेल्या आगीपेक्षा धुमसणारी आग जळालेल्या प्रत्येक किलोमागे अधिक कण आणि अधिक कार्बन मोनॉक्साइड सोडते. मेळघाटासारख्या पानगळीच्या जंगलात उन्हाळ्यात वाळला पाला पेटतो, तेव्हा ज्वाळा विझल्यावरही बुंधे आणि पाचोळा धुमसत राहतात व त्यांचा धूर फार उंच न जाता जमिनीलगत पसरतो. रात्री जमिनीजवळची हवा थंड होते आणि वरच्या उबदार थराखाली हा धूर दऱ्यांत कोंडतो. त्यामुळे पहाटेची हवा बहुधा सर्वांत वाईट असते. दुपारी ऊन तापल्यावर ती निवळते, पण तेवढ्यावरून धोका टळला असे मानणे चुकीचे आहे, कारण आग धुमसत असेपर्यंत हे चक्र रोज चालू राहते.

वाऱ्याबरोबर दूर जाताना धुराचे स्वरूपही पालटते. सूर्यप्रकाशात नायट्रोजनची ऑक्साइडे आणि सेंद्रिय वाफा यांच्या रासायनिक क्रियेतून ओझोन तयार होतो, तर काही वाफांपासून नवे सूक्ष्म कण बनतात. म्हणूनच आगीपासून शेकडो किलोमीटरवर, धुराचा वास जाणवत नसतानाही हवा श्वसनास अपायकारक असू शकते.

८ नोव्हेंबर २०१८ रोजी उत्तर कॅलिफोर्नियात लागलेल्या ‘कॅम्प फायर’ या आगीत पॅराडाइज हे गाव जवळजवळ संपूर्ण जळाले आणि ८५ जणांचा मृत्यू झाला. तिचा धूर दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या सॅन फ्रान्सिस्को परिसरावर जवळपास दोन आठवडे साचून राहिला. १६ नोव्हेंबरला तेथील बहुतेक शाळा बंद ठेवाव्या लागल्या. २१ नोव्हेंबरच्या पावसाने अखेर हवा धुऊन निघाली. या आगीत झाडांबरोबर अठरा हजारांहून अधिक बांधकामे जळाल्याने धुरात शिसे व जस्तही होते, आणि शिशाचे वाढलेले प्रमाण सॅन होझे व मोडेस्टो या शहरांपर्यंत नोंदवले गेले. वस्तीत शिरलेल्या वणव्याचा धूर निव्वळ लाकडाच्या धुरापेक्षा निराळा समजला पाहिजे.

अनेक वर्षांचा हिशेब अधिक चिंताजनक आहे. वाहने व कारखान्यांवरील निर्बंधांमुळे अमेरिकेतील पीएम २.५ चे प्रमाण २००० पासून सातत्याने घटत होते. २०१६ नंतर वणव्यांच्या धुराने त्या सुधारणेचा सुमारे चतुर्थांश भाग पुसून टाकला. तेथील नियमांनुसार, एखाद्या प्रदेशाने हवेच्या गुणवत्तेचे मानक पाळले की नाही हे ठरवताना वणव्यासारख्या ‘असाधारण घटनां’मुळे वाढलेल्या नोंदी वगळता येतात. स्थानिक यंत्रणेच्या आवाक्याबाहेरच्या प्रदूषणाचा ठपका तिच्यावर येऊ नये, हा त्यामागचा हेतू रास्त असला, तरी वणव्यांचा मोसम दरवर्षी येऊ लागल्यावर कागदावरची सरासरी आणि रहिवाशांनी प्रत्यक्ष श्वासावाटे घेतलेली हवा यांत मोठे अंतर पडते.