अडकलेली राईड आणि मोडलेली राईड

परदेशातल्या एखाद्या पार्कात रोलर कोस्टर चढावावरच थांबतो. माणसं तासभर तिथंच बसून राहतात, मग कर्मचारी त्यांना कडेच्या पायऱ्यांवरून एकेक करून खाली आणतात. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या घरगुती ग्रुपांवर पोचलेला असतो आणि खाली ओळ असते, 'कॉम्प्युटर बिघडला, देवानंच वाचवलं.' कधी त्याच ग्रुपवर अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठच्या पार्कचा व्हिडिओ पुन्हा वर येतो. १४ जुलै २०१९ रोजी तिथली लंबकासारखी झुलणारी राईड तुटून खाली आदळली, दोघांचा जीव गेला, पंचवीसहून अधिक जखमी झाले. दोन्ही व्हिडिओ लोक सारख्याच धास्तीनं बघतात आणि दोन्हींचा ठपका जुन्या, बिघडलेल्या यंत्रांवर ठेवून मोकळे होतात.

या दोन गोष्टी एकाच माळेत ओवणं मला धोक्याचं वाटतं. पहिलीत सुरक्षेची यंत्रणा चोख चालली होती. दुसरीत घात झाला तो जिथं कुठल्याही कॉम्प्युटरची नजर पोचत नाही अशा ठिकाणी.

आधी अडकलेली राईड बघू. मोठ्या रोलर कोस्टरवर एका वेळी दोन-तीन गाड्या धावत असतात. त्यासाठी रुळाचे भाग पाडतात, त्यांना ब्लॉक म्हणतात, आणि एका ब्लॉकमध्ये एकच गाडी हा नियम. पुढचा ब्लॉक मोकळा असल्याशिवाय मागची गाडी सुटत नाही. मडगाव जवळ आलं की कोकण रेल्वेची गाडी कधीकधी सिग्नलबाहेर उभी करतात, तसंच हे. मोकळा आहे की नाही ते ठरवतो पीएलसी नावाचा कारखान्यातला कॉम्प्युटर. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यांसाठी तो बनला. वेर्ण्याच्या औषध कारखान्यांतल्या पॅकिंग लाइन चालवतात ते याचेच भाऊबंद. रुळालगतच्या सेन्सरकडून येणारी माहिती तो सेकंदात कित्येक वेळा वाचतो. गाडी ठरल्या वेळेत पुढच्या सेन्सरपाशी आली नाही, किंवा एका सीटचा दांडा नीट बसल्याचा निरोप आला नाही, की तो सगळं थांबवतो. बऱ्याच राईडवर असे दोन पीएलसी एकमेकांवर लक्ष ठेवून असतात. दोघांचं उत्तर जुळलं नाही तरी राईड थांबते.

आणि थांबणं हे वीज असण्यावर अवलंबून ठेवलेलं नसतं. हवेवर चालणारे ब्रेक साधारणपणे असे बनवतात की स्प्रिंग त्यांना आवळून धरते आणि हवेचा दाब त्यांना सोडवतो. वीज गेली, दाब उतरला, की ब्रेक आपोआप लागतात. चढावावर जो खटखट आवाज येतो तो गाडी मागं घसरू न देणाऱ्या दातांचा. मांडीवरचा दांडासुद्धा वीज गेल्यावर सुटत नाही, तो अडकलेलाच राहतो. म्हणूनच अशा वेळी कर्मचारी वर येऊन एकेक ओळ हातानं मोकळी करतात. बघणाऱ्याला तो गोंधळ वाटतो, पण ती आधीपासून सराव केलेली कामगिरी असते.

मग जुन्या कॉम्प्युटरचं काय? राईडचं लोखंडी धड नीट राखलं तर तीस-चाळीस वर्षं चालतं, त्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सचं आयुष्य बरंच कमी. सीमेन्स कंपनीच्या पीएलसींची एस५ मालिका १९७९ची, १९९०च्या दशकात तिची जागा एस७नं घेतली. असल्या जुन्या मालिकेवर चालणाऱ्या यंत्राचं एखादं कार्ड जळलं तर ते नवं मिळत नाही, सेकंडहँड बाजारात शोधावं लागतं, आणि मूळ प्रोग्रॅम लिहिणारा केव्हाच निवृत्त झालेला असतो. त्यामुळे राईड वारंवार थांबते आणि थांबली की लवकर सुरू होत नाही. पार्कचं नुकसान होतं, पोरांचा हिरमोड होतो. ऑपरेटरच्या टेबलावरचा विंडोजचा स्क्रीन निळा पडला म्हणून गाड्या एकमेकांवर जाऊन आदळत नाहीत. तो स्क्रीन बहुधा माहिती दाखवण्यापुरता असतो, जिवाची जबाबदारी पीएलसीवर असते.

नवी राईड कमी थांबते असंही नाही. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या एपकॉट पार्कातली टेस्ट ट्रॅक ही राईड १९९७मध्ये उघडायची होती, उघडली १९९९मध्ये. चाकांबरोबर प्रोग्रॅमिंगनंही तिला छळलं. डिस्नेचीच 'राइज ऑफ द रेझिस्टन्स' २०१९ची, रुळांशिवाय फिरणाऱ्या गाड्यांची, अत्याधुनिक राईड, तरी वारंवार बंद पडण्याबद्दल ती प्रसिद्ध झाली. जितकी गुंतागुंत जास्त, तितक्या शंका घ्यायच्या जागा जास्त.

जुन्या यंत्रणेचा खरा धोका वेगळाच आहे, आणि तो माणसाच्या डोक्यात तयार होतो. सतत उगाच थांबणाऱ्या यंत्रावरचा विश्वास उडतो. 'हा सेन्सर नेहमीच खोटं बोलतो' असं म्हणत कुणीतरी त्याच्यावर तार जोडून तो गप्प करतो, नाहीतर चावी फिरवून राईड पुढं ढकलतो. इंग्लंडमधल्या ऑल्टन टॉवर्स पार्कच्या 'स्मायलर' कोस्टरवर २ जून २०१५ रोजी जे घडलं ते याच वाटेनं गेलं, आणि तो कोस्टर तर तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा होता. चाचणीसाठी सोडलेली रिकामी गाडी रुळावर मध्येच अडकून राहिली होती. तिच्यामुळे यंत्रणेनं मागची सोळा प्रवाशांची गाडी थांबवून धरली. पुढं गाडी आहे हे अभियंत्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांनी कॉम्प्युटरच चुकतोय असं धरलं आणि त्याला डावलून गाडी सोडली. ती थेट रिकाम्या गाडीवर आदळली. दोन तरुण मुलींना पाय गमवावा लागला. तपासात रुळांत, गाड्यांत आणि कंट्रोल यंत्रणेत दोष आढळला नाही. २०१६मध्ये चालक कंपनीला ५० लाख पौंडांचा दंड झाला. अडकलेली राईड अपघातात बदलते ती अशी. म्हणून गाडी थांबल्यावर 'लवकर चालू करा' म्हणून खालून ओरडणाऱ्यांचा मला राग येतो. आपला आरडाओरडा त्या ऑपरेटरचा हात चावीकडं नेतो.

आता मोडलेली राईड. २६ जुलै २०१७ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या जत्रेत 'फायर बॉल' राईडचा एक हात सीटांसकट तुटून उडाला, एकाचा मृत्यू झाला, सात जखमी झाले. त्याच दिवशी तिची तपासणी होऊन तिला परवानगी मिळाली होती. दोष होता लोखंडी तुळईच्या आत. बाहेरून रंग शाबूत, आतून गंजानं पत्रा खाल्लेला. असं झिजणं सेन्सरला कळत नाही. तो गाडी कुठं आहे ते सांगतो, लोखंड किती उरलंय ते नाही.

आपल्या गोव्यात लक्ष द्यायचं ते याच गोष्टीकडं. म्हापशाच्या बोडगेश्वराच्या जत्रेतले किंवा चर्चच्या फेस्तांच्या फेरीतले आकाशपाळणे बहुतेक जनरेटर, मोटर आणि लिव्हर धरलेला एक माणूस यांवर चालतात. तिथं कॉम्प्युटर नाहीच, तेव्हा तो बिघडण्याचा प्रश्न नाही. पण शंका आली म्हणून थांबवणारंही कुणी नाही. पाळणा इथं सोडायचा, ट्रकवर लादायचा, पुढच्या गावी पुन्हा जोडायचा, आणि प्रत्येक वेळी शेकडो नट-बोल्ट अन् पिना पुन्हा बसवायच्या. त्यात खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस. गंज रंगाखाली, वेल्डिंगच्या कडेला, पोकळ पाइपच्या आत शिरतो.

बसण्याआधी डोळ्यांना दिसेल तेवढं बघावं. पायाखाली विटा-लाकडाचे तुकडे रचून तोल सावरलाय का, पिनेच्या जागी खिळा किंवा तार आहे का, रंगातून तपकिरी ओघळ येतायत का. दिसलं तर पोरांना घेऊन सरळ पुढं चालावं. आत काय आहे ते मात्र आपल्याला दिसणार नाही. त्यासाठी रंग खरवडून वेल्डिंगवर लाल द्राव लावून तडे शोधतात, नाहीतर अल्ट्रासाउंडनं पत्र्याची जाडी मोजतात. अशा तपासणीचा ताजा कागद राईडवाल्याकडून मागून घेणं जत्रेच्या समितीला आणि पंचायतीला जमण्यासारखं आहे, आणि पाळणे उभे राहण्याआधीच तो मागायला हवा.

मोठ्या पार्कात सहलीला गेलात आणि गाडी मध्येच थांबली, तर दांड्याशी झटापट करू नका, त्यातून निसटायला बघू नका. फोन खिशात ठेवा, शेजारच्या पोराशी बोलत राहा आणि कर्मचारी वर येईपर्यंत जागचे हलू नका.