भीती मोजायची तर दांडीचे खटके मोजा

भुकेला उंदीर पिंजऱ्यातली दांडी दाबत असतो. अधूनमधून अन्नाची गोळी पडते. ती खाल्ली की स्वारी परत दांडीवर. तेवढ्यात एक सूर वाजू लागतो आणि पंजा थांबतो. भूक तेवढीच आहे, दांडी दाबली तर गोळी आताही मिळेल. पण याआधी हा सूर संपता संपता पायांना विजेचा झटका बसलेला आहे. १९४१ साली विल्यम एस्टिस आणि बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी हे आकड्यांत मांडले.

हिशेब सोपा आहे. सूर २ मिनिटांचा असेल, तर त्याआधीच्या २ मिनिटांतले खटकेही मोजायचे. आधी ४०, सुरात १०, एकूण ५०; म्हणजे १० भागिले ५०, उत्तर ०.२. सुराचा काहीच परिणाम नसेल तर ०.५, दांडी पूर्ण सुटली तर शून्य.

खरी मेहनत सुराआधीचा वेग एकसारखा ठेवण्यात आहे. त्यासाठी उंदराचे वजन मूळच्या सुमारे ८५ टक्क्यांवर ठेवतात आणि गोळी अनिश्चित अंतराने देतात, सरासरी मिनिटाला एक. ठरावीक खटक्यांनंतर गोळी दिली तर खाऊन झाल्यावर उंदीर आपणहून थांबतो, आणि तो थांबा भीतीच्या खात्यात जमा होतो. नवा आवाजही क्षणभर बिचकवतो. म्हणून सूर आधी झटक्याशिवाय ऐकवून घ्यावा.

झटका साधारण अर्धा मिलिअँपिअर, अर्धा ते एक सेकंद. जास्त दिला तर उंदीर पिंजऱ्यालाच घाबरतो. मग सुराआधी ४ खटके आणि सुरात २, अशा आकड्यांतून ०.३३ निघते खरे, पण त्याला अर्थ नसतो. यावर उपाय म्हणजे सूर-झटक्याची जोडी वेगळ्या पिंजऱ्यात शिकवणे. उलट, तळाच्या सळ्यांमध्ये लेंड्या आणि मूत्र साचले तर वीज त्यांतूनच वाहते आणि पायांपर्यंत कमी पोहोचते. सळ्या दर उंदरानंतर पुसायलाच हव्यात.

घाबरलेला उंदीर जागीच थिजतो, म्हणून दांडी सुटते, हे स्पष्टीकरण पटण्यासारखे वाटते. पण मध्यमेंदूतल्या पेरिअॅक्विडक्टल ग्रे या भागाला इजा केलेले उंदीर सूर ऐकून फारसे थिजत नाहीत, चालू-फिरू शकतात. तरीही दांडी दाबणे कमी होतेच. म्हणजे स्नायू मोकळे असतानाही भीती बक्षिसाचा पाठलाग थांबवू शकते. मला या प्रयोगातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते, आणि नुसते थिजणे मोजणाऱ्याच्या हाती ती लागत नाही.