छोट्या शिडाच्या बोटीतली मास्टची हालचाल आणि रिगचा ढिलेपणा

छोट्या शिडाच्या बोटीवर मास्ट म्हणजे डोलकाठी कुठे हलू द्यायची, कुठे अजिबात नाही, आणि तिला धरणाऱ्या तारा किती ताणायच्या, या सगळ्या जुळवाजुळवीला रिग ट्यून करणं म्हणतात. इथे एंटरप्राइज डिंगी डोळ्यासमोर धरलीये. जॅक होल्टने 1956 मध्ये डिझाइन केलेली, दोघांनी चालवायची, लांबी साधारण 4 मीटर, निळ्या शिडांमुळे लांबूनच ओळखू येते. 1982 च्या एशियाडमध्ये मुंबईला हिच्या शर्यती झाल्या होत्या.

मास्टला तारा तीनच: दोन बाजूंना दोन श्राऊड, पुढे एक फोरस्टे. पण शीड चढलं की फोरस्टे जवळपास रिकामटेकडा, कारण पुढच्या शिडाच्या म्हणजे जिबच्या काठात तार असते आणि जिबचं हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवायची दोरी, लिव्हरने नाहीतर पुल्या लावून ओढलं की तीच तार मास्टला पुढे खेचते, श्राऊड बोटीला थोडे मागे अडकवलेले असतात म्हणून ते मागे खेचतात, आणि या रस्सीखेचीत मास्ट उभा राहतो. म्हणजे श्राऊडचा ताण वाढवायचा तर हात घालायचा हॅलयार्डला. नवशिके हमखास श्राऊडच्या पट्टीतली पिन एकेक भोक खाली घेत बसतात, त्याने मुख्यतः मास्टचा मागचा झुकाव बदलतो.

वाऱ्याच्या दिशेने वर चढताना वारा येतो त्या बाजूचा श्राऊड ताठ होतो आणि पलीकडचा सैलावतो, हे व्हायचंच. स्टीलची तारसुद्धा लांबते: 5 मीटर लांब, 3 मिमी जाडीच्या तारेवर 150 किलोचा भार आला तर एक सेंटीमीटरहून जरा जास्त. पलीकडचा श्राऊड नुसता मऊ पडला तर चालतं, लोंबकळायला लागला तर ताण कमी आहे, कारण मग प्रत्येक लाटेला मास्टचं डोकं डुलतं, जिबचा काठ वाऱ्याखाली झोळीसारखा पडतो आणि बोट वर चढत नाही. शिवाय दर हिसक्याला तारेची टोकं आणि पिना झिजतात ते वेगळंच.

माझ्या मते मात्र ढिलेपणा शोधायला आधी खाली वाकावं. मास्टचा बुडखा तळाच्या खाचेत बसतो आणि वर डेकच्या उंचीवर एका खोबणीतून जातो, या दोन्ही ठिकाणी आडवी फट असेल तर तारा कितीही ताणा, मास्ट खुळखुळणारच. जुन्या प्लायवूडच्या बोटीत तर बूडच लवतं आणि ताण गिळून टाकतं.

खोबणीत मास्टच्या पुढे ज्या चिपा ठोकतात त्यांना चॉक म्हणतात. किकर, म्हणजे बूम (मोठ्या शिडाच्या खालच्या काठाचा आडवा दांडा) खाली ओढणारी दोरी, ताणली की बूम मास्टच्या खालच्या भागाला पुढे ढकलतो. चॉक असतील तर मास्ट तिथे वाकत नाही, मोठ्या शिडाचा फुगवटा टिकतो. वारा फारच वाढला की एखादी चिप काढायची, मास्ट वाकतो, शीड सपाट होतं, बोट आवरते.

झुकाव मोजायला मोठ्या शिडाच्या हॅलयार्डला मेजपट्टी बांधून टोकापर्यंत चढवतात आणि बोटीच्या मागच्या फळीपर्यंतचं अंतर घेतात, तेही हॅलयार्डचा ताण दिल्यावरच, नाहीतर आकडा फुकट.

आणि रिकामटेकडा म्हणून फोरस्टे काढून ठेवू नये, जिब उतरवलं की मास्टला पुढून धरणारा तोच एकटा उरतो.