वेबसाइट करून घेण्याआधी: प्लंबर, वायरमन आणि फॅब्रिकेशनवाल्यांसाठी

रविवारी सकाळी गच्चीवरच्या टाकीचा बॉलकॉक तुटतो आणि पाणी जिन्यावरून वाहायला लागतं. घरातलं कुणीतरी ओल्या हातानेच मोबाइलवर प्लंबर शोधतं. तुमची वेबसाइट या माणसासाठी करायची आहे. तुम्ही त्याच्या भागात येता का आणि फोन कुठे लावायचा, हे त्याला उघडल्या उघडल्या कळलं पाहिजे. म्हणून नंबर सगळ्यात वर ठेवा. नुसता दिसणारा नंबर चालणार नाही, बोट लावलं की थेट फोन लागला पाहिजे. शेजारी व्हॉट्सअ‍ॅपचं बटण द्या, म्हणजे गळतीचा फोटो लगेच पाठवता येतो आणि तुम्हालाही कोणतं सामान घेऊन निघायचं ते समजतं.

‘संपूर्ण पुण्यात सेवा’ असं लिहू नका. कोथरूड, वारजे, कर्वेनगर, अशी जिथे खरोखर जाता त्या भागांची नावं लिहा. लोक शोधताना कामाचं आणि आपल्या भागाचंच नाव टाकतात.

फोटो तुमच्याच कामाचे हवेत. इंटरनेटवरून उचललेला, पिवळं हेल्मेट घालून हसणारा माणूस गिऱ्हाइकाला लगेच ओळखू येतो. वायरमन असाल तर डीबीचं, म्हणजे घरातल्या मुख्य स्विचपेटीचं, झाकण उघडून फोटो काढा. वायरी सरळ बांधलेल्या, प्रत्येक एमसीबीखाली ‘गीझर’, ‘किचन’, ‘एसी’ अशी चिठ्ठी. एवढ्या एका फोटोत तुमच्या हाताची सफाई दिसते, ती चार परिच्छेद लिहून सांगता येत नाही. खाली परवाना नंबर द्या. गळतीची कामं करत असाल तर आधीचा आणि नंतरचा फोटो एकाच कोपऱ्यातून घ्या. मोबाइलचा फोटो ३-४ एमबीचा असतो. आम्ही वेबसाइट करणारे तो २०० केबीच्या आत आणतो, नाहीतर नेटवर्क कमी असलेल्या जागी पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक दुसऱ्याला फोन लावून मोकळं होतं.

मजकूर मराठीत ठेवा, पण युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर मराठी टाइप करताना वापरतात त्याच पद्धतीत. हँडबिलासाठी डीटीपीवाल्याने जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तसाच चिकटवला तर वेबसाइटवर भलतीच अक्षरं उमटतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, तुमच्याच नावावर, तुमच्याच ईमेलवर आणि मोबाइलवर नोंदवलेलं असलं पाहिजे. आमच्याकडे आलेल्या एका ग्रिलवाल्यांचं डोमेन आधी वेबसाइट करून देणाऱ्या माणसाने स्वतःच्या नावावर घेतलं होतं. त्याने फोन उचलणं बंद केलं, नूतनीकरणाची तारीख उलटली आणि गाडीवर, पाटीवर, बिलबुकावर छापलेला पत्ता बंद पडला. त्यांना सगळं नव्याने छापून घ्यावं लागलं. वेबसाइट आमच्याकडून करा किंवा दुसरीकडून, पासवर्ड मात्र पहिल्या दिवशीच मागून घ्या.

गूगलवर व्यवसायाची नोंद मोफत होते. दुकान नसेल तर घरचा पत्ता लपवून फक्त कामाचे भाग दाखवता येतात. काम झाल्यावर गिऱ्हाइकाला अभिप्राय लिहायला जरूर सांगा, पण त्यासाठी सूट देऊ नका. गूगलच्या नियमांत ते बसत नाही.

आमच्याकडे येताना कामाचे दहा-बारा फोटो आणा. शिवाय गिऱ्हाइकं फोनवर रोज जे विचारतात ते एका कागदावर लिहून आणा: ‘नुसतं बघायला यायचे किती?’, ‘सामान तुम्ही आणणार की आम्ही?’, ‘आज याल का?’ तुमच्या वेबसाइटचा मजकूर आम्ही त्या कागदावरूनच लिहायला घेतो.