'पॉश'चं तिकीट कुणी पाहिलंय?

बॅलार्ड पिअरच्या बाजूनं जाताना कुणी ना कुणी ही गोष्ट सांगतोच. साहेबाच्या काळात पी अँड ओ कंपनीच्या बोटी विलायतेहून मुंबईला यायच्या. येताना डावीकडच्या केबिनला ऊन कमी, परतताना उजवीकडच्या. श्रीमंत प्रवासी त्याच बाजू मागायचे, म्हणून त्यांच्या तिकिटावर 'पोर्ट (डावी बाजू) आउट, स्टारबोर्ड (उजवी बाजू) होम'ची P.O.S.H. ही आद्याक्षरं छापलेली असत. झाला 'पॉश'!

गोष्ट झकास, पण खोटी. असं छापलेलं एकही तिकीट आजवर मिळालेलं नाही. उन्हाचा हिशेब बराचसा बरोबर आहे, म्हणूनच तर ती पटते! पण ही व्युत्पत्ती छापील स्वरूपात दिसते ती 1935च्या सुमारास, आणि 'झकपक' या अर्थाचा शब्द त्याआधी, पहिल्या महायुद्धाच्या काळातच रुळला होता. शिवाय आद्याक्षरं जोडून शब्द पाडायची हौस मुळात विसाव्या शतकातली.

मग आला कुठून? एकोणिसाव्या शतकात लंडनच्या चोरांच्या बोलीत 'पॉश' म्हणजे किरकोळ नाणं, पैसा. तो जिप्सींच्या रोमानी भाषेतल्या 'अर्धा' या अर्थाच्या शब्दावरून आला. 1890च्या आसपास छानछोकी माणसालाही 'पॉश' म्हणत. अभ्यासकांचा कल या दोहोंकडे आहे, निकाल मात्र लागलेला नाही.

विलायतेत 'पॉश' म्हटलं की उच्चार, शाळा, खानदान आलं. त्यात टोमणाही असतो. आपल्याकडे हा शब्द निव्वळ कौतुकाचा. परळला चाळ पाडून टॉवर उभा राहिला, लॉबीत संगमरवर लागला, की एजंटच्या तोंडी लगेच 'एकदम पॉश'. पार्किंगवरून भांडणं तीच.